रेल्वेला थांबायला शिकवणारा संशोधक : जॉर्ज वेस्टिंगहाऊस

मुंबईच्या उपनगरांतून रोज सकाळी लाखो माणसे लोकलमध्ये चढतात. गाडी वेळेवर येईल का, आत शिरायला मिळेल का, याची चिंता प्रत्येकाला असते. ऐनवेळी गाडीचे ब्रेक लागतील का, ही शंका मात्र कुणाच्या मनाला शिवतही नाही. या निर्धास्तपणाचे श्रेय मोठ्या प्रमाणावर एका अमेरिकी संशोधकाकडे जाते. जॉर्ज वेस्टिंगहाऊस हे नाव आज बहुतेकांना विजेच्या यंत्रांमुळे ठाऊक आहे. परंतु त्यांचे पहिले आणि कदाचित सर्वांत मानवतावादी कार्य रेल्वेच्या सुरक्षिततेचे होते. रेल्वेचा प्रवास रस्त्यापेक्षा सुरक्षित का, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रात सापडते.

जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल ब्रिज या लहानशा गावी झाला. बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, तेव्हा ते अवघे सहा वर्षांचे होते. वडिलांचा शेतीची अवजारे आणि यंत्रे बनवण्याचा कारखाना होता. पुढे कुटुंब शेनेक्टडी येथे स्थायिक झाले. शाळेपेक्षा कारखान्यातच रमणाऱ्या या मुलाने किशोरवयातच अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने भाग घेतला. आधी सैन्यात आणि नंतर नौदलात अभियंता म्हणून त्यांनी सेवा केली. युद्ध संपल्यावर महाविद्यालयात नाव घातले खरे, पण काही महिन्यांतच ते पुन्हा कारखान्यात परतले. १८६५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांना वाफेच्या इंजिनाच्या एका सुधारणेचे पहिले पेटंट मिळाले. रुळांवरून घसरलेले डबे पुन्हा रुळांवर आणण्याचे साधनही त्यांनी याच सुमारास तयार केले.

एका टकरीने दिलेली दिशा

१८६६ मध्ये शेनेक्टडी आणि ट्रॉय या शहरांदरम्यान प्रवास करत असताना त्यांची गाडी वाटेत अडकली. पुढे दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या होत्या. हवा स्वच्छ होती, मार्ग सपाट होता आणि दोन्ही चालकांना समोरची गाडी दिसलीही होती. तरीही टक्कर टळली नाही, कारण गाड्या वेळेत थांबवण्याचे साधनच त्यांच्या हाती नव्हते. चालकांची नजर किंवा सावधगिरी कमी पडली नव्हती, उणीव यंत्रणेची होती. ही गोष्ट वीस वर्षांच्या या तरुणाच्या मनात पक्की बसली.

त्या काळात गाडी थांबवणे हे जिवावरचे काम होते. चालकाने शिटी वाजवली की ब्रेक लावणारे कामगार डब्यांच्या छतांवरून धावत सुटत आणि प्रत्येक डब्यावरचे चाक हाताने फिरवून ब्रेक आवळत. एक डबा झाला की उडी मारून दुसऱ्यावर. पाऊस असो, बर्फ असो वा रात्र, या कामात खंड नसे. निसटून रुळांवर पडणे, बोगद्याच्या कमानीला आपटणे, डब्यांमध्ये चिरडले जाणे हे त्यांच्या नशिबी ठरलेलेच होते. एवढे करूनही सर्व डब्यांचे ब्रेक एकाच वेळी लागत नसत.

पोलादी चाक पोलादी रुळावर अत्यंत कमी घर्षणाने फिरते. रेल्वेची सारी काटकसर या गुणात आहे आणि तिचा धोकाही त्यातच आहे. भरधाव गाडीला थांबण्यासाठी लागणारे अंतर कित्येकदा चालकाला दिसणाऱ्या अंतरापेक्षा जास्त असते. त्यामुळे संपूर्ण गाडीचे ब्रेक चालकाच्या हाती देणे आणि पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही हे त्याला आधीच कळवणे, या दोन गोष्टींशिवाय रेल्वे सुरक्षित होऊ शकत नव्हती. वेस्टिंगहाऊस यांनी दोन्ही बाबींत काम केले.

साखळीने ब्रेक ओढण्याचा विचार त्यांनी करून पाहिला. वाफेचाही केला, पण लांब नळीतून जाताना वाफ थंड होऊन तिचे पाणी होत असे. याच सुमारास त्यांच्या वाचनात आल्प्स पर्वतातील बोगद्याच्या कामाविषयी एक लेख आला. तेथे खडक फोडणारी यंत्रे हजारो फूट लांबीच्या नळ्यांमधून आणलेल्या दाबाखालच्या हवेवर चालवली जात होती. हवा थंड झाली तरी तिचे पाणी होत नाही. डोंगराच्या पोटात जी हवा खडक फोडू शकते, ती रेल्वेचे ब्रेकही ओढू शकेल, हे त्यांनी ताडले.

१३ एप्रिल १८६९ रोजी हवेच्या ब्रेकचे पेटंट त्यांना मिळाले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग येथे कंपनी स्थापन झाली. रेल्वे व्यवसायातील धनाढ्य कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी वाऱ्याने गाडी थांबवण्याच्या या कल्पनेची टर उडवली होती, अशी आख्यायिका सांगितली जाते. चाचणीच्या पहिल्याच फेरीत मात्र त्या टिंगलीला परस्पर उत्तर मिळाले. पिट्सबर्गहून निघालेली गाडी बोगद्यातून बाहेर पडते न पडते तोच समोर फाटकावर एक घोडागाडी आडवी आली. डॅनियल टेट या चालकाने नव्या ब्रेकची मूठ फिरवली आणि घोडागाडी काही फुटांवर राहिली असताना गाडी थांबली. आतील पाहुण्यांना जोराचे धक्के बसले, पण या ब्रेकविषयी कुणाची शंका उरली नाही.

बिघडले तरी थांबणार

एखादा व्यापारी येथेच समाधानी झाला असता. वेस्टिंगहाऊस यांना मात्र आपल्याच यंत्रातील मोठा दोष दिसत होता. या पहिल्या ब्रेकमध्ये इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागत. म्हणजे नळी फुटली किंवा डबे तुटून मागे राहिले, तर नेमक्या संकटाच्या क्षणी ब्रेक निकामी होणार.

१८७२ मध्ये त्यांनी ही रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी आणि एक खास झडप बसवली. गाडीभर जाणाऱ्या नळीत सदैव दाब ठेवायचा आणि हा दाब असेपर्यंत ब्रेक मोकळे राहणार. चालकाने दाब कमी केला की झडप उघडून टाकीतील हवा ब्रेककडे जाणार. नळी फुटली, डबे तुटले, गळती झाली, तरी दाब उतरणार आणि ब्रेक आपोआप लागणार. ब्रेक लागू न देण्यासाठी यंत्रणा धडधाकट असावी लागते आणि ती मोडली की गाडी थांबते. माणूस चुकेल, लोखंड तुटेल हे गृहीत धरूनच ही रचना केलेली होती. रेल्वेच्या सुरक्षिततेचा पाया तो हाच.

हा फरक किती मोलाचा होता, हे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे दिसून आले. सहलीला निघालेल्या मुलांनी आणि पालकांनी भरलेली गाडी चढावर अडली. पुढचा भाग आधी नेण्यासाठी मागचे डबे सोडवण्यात आले. त्या गाडीचे ब्रेक स्वयंचलित प्रकारचे नव्हते. डबे सुटताच त्यांचे ब्रेकही सुटले आणि ते उतारावरून मागे घसरत पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जणांचा बळी गेला आणि त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. अमेरिकेतही कामगारांच्या बाजूने दीर्घकाळ चाललेल्या चळवळीनंतर २ मार्च १८९३ रोजी तसाच कायदा झाला. वेस्टिंगहाऊस यांचे यंत्र त्यापूर्वी दोन दशके उपलब्ध होते. खर्चाच्या भीतीने ते टाळणाऱ्या कंपन्यांना अखेर कायद्यानेच वळण लावले.

दरम्यान मालगाड्यांची लांबी वाढली. १८८६-८७ मध्ये अमेरिकेतील बर्लिंग्टन येथे पन्नास डब्यांच्या गाड्यांवर चाचण्या झाल्या. पुढच्या डब्यांचे ब्रेक आधी लागत आणि मागचे डबे त्यांच्यावर आदळत. हे अपयश पदरी पडताच वेस्टिंगहाऊस यांनी झडपेची नवी, जलद रचना केली आणि तो दोष दूर केला.

ब्रेकनंतर त्यांनी सिग्नलकडे लक्ष वळवले. १८८१ मध्ये त्यांनी युनियन स्विच अँड सिग्नल ही कंपनी उभी केली. विल्यम रॉबिन्सन यांनी शोधलेल्या ट्रॅक सर्किटचे हक्क या कंपनीकडे आले. रुळांतून सौम्य वीजप्रवाह सोडायचा, त्या भागात गाडी आली की चाकांमुळे प्रवाह आपली वाट बदलतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. वीज खंडित झाली तरीही सिग्नल लाल होतो. म्हणजे येथेही तेच तत्त्व, शंका आली की थांबा.

वीज आणि उपनगरी गाड्या

वेस्टिंगहाऊस यांच्या आयुष्याचा पुढचा अध्याय प्रत्यावर्ती म्हणजे एसी विजेचा. निकोला टेस्ला यांची पेटंटे त्यांनी १८८८ मध्ये घेतली. एडिसन यांच्या बाजूशी झालेला संघर्ष, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील रोषणाई, नायगारा धबधब्यावरील वीजनिर्मिती हे सारे प्रसिद्धच आहे. रेल्वेच्या दृष्टीने महत्त्वाची घटना १९०७ मधील. न्यूयॉर्कजवळच्या न्यू हेवन मार्गावर, जेथून रोज नोकरदार शहरात ये-जा करत, त्यांच्या कंपनीच्या सामग्रीवर एसी विजेच्या गाड्या धावू लागल्या. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली ती डीसी विजेवर. तिच्या उपनगरी मार्गांचे एसी विजेवर रूपांतर एकविसाव्या शतकात पूर्ण झाले.

कारखानदार म्हणूनही ते वेगळे होते. १८७१ मध्ये त्यांनी आपल्या कामगारांना शनिवारी अर्धा दिवस सुटी दिली आणि ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती. १९०७ च्या आर्थिक संकटात विजेच्या कंपनीवरील ताबा त्यांच्या हातून गेला. उतारवयात त्यांनी मोटारगाड्यांचे हादरे कमी करणाऱ्या हवेच्या स्प्रिंगवर काम केले. १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. यादवी युद्धातील सैनिक म्हणून त्यांची समाधी आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत आहे. त्यांच्या नावावर साडेतीनशेहून अधिक पेटंटे होती.

रस्ता आणि रूळ

त्यांच्या निधनानंतरच्या शतकात मोटारीने जग व्यापले. मोटारीलाही उत्तम ब्रेक मिळाले, पट्टे आले, हवेच्या पिशव्या आल्या. तरी रस्त्यावर एक मूलभूत उणीव राहिली. तेथे लाल दिवा ओलांडणारे वाहन थांबवणारी यंत्रणा नाही आणि पुढच्या वाहनापासूनचे अंतर चालकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. लोकलच्या मोटरमनचा हात मुठीवरून सुटला तर ब्रेकच्या नळीतील हवा निघून जाते आणि गाडी थांबते. मोटारचालकाला डुलकी लागली तर गाडी धावतच राहते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ इयान सॅव्हेज यांनी २००० ते २००९ या दशकाचा अभ्यास करून २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. १०० कोटी प्रवासी-मैलांमागे मोटारींत ७.२८ मृत्यू, तर लांब पल्ल्याच्या आणि उपनगरी रेल्वेत मिळून ०.४३ मृत्यू, असे त्यात दिसून आले. म्हणजे मोटारीचा धोका सुमारे सतरा पट आहे.

भारतात २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ झालेल्या भीषण रेल्वे अपघातात २९० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले आणि सारा देश हादरला. त्याच वर्षी देशातील रस्त्यांवर १ लाख ७० हजारांहून अधिक माणसे मरण पावली. म्हणजे बालासोरइतके बळी रस्त्यांवर एका दिवसाच्या आत जात होते. बालासोरच्या चौकशीत सिग्नल यंत्रणेतील चुकीची जोडणी पुढे आली. यंत्र कितीही भरवशाचे असले तरी त्याची देखभाल चोख हवी, हा धडा त्या अपघाताने दिला.

मुंबईच्या लोकलचे चित्र मात्र दुहेरी आहे. गाड्यांच्या टकरीत प्रवासी दगावणे येथे अगदी विरळ आहे. तरीही २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत उपनगरी मार्गांवर दोन हजारांहून अधिक जणांचे प्राण गेले. यांतील बहुतेक मृत्यू रूळ ओलांडताना किंवा गर्दीने भरलेल्या गाडीतून पडून होतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारांत लोंबकळणारे प्रवासी गाडीतून खाली पडले आणि किमान चार जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी ब्रेक बिघडले नव्हते, दोन गाड्यांची टक्कर झाली नव्हती. उघड्या दारात तोल सांभाळणे तेवढे प्रत्येकाच्या बोटांच्या पकडीवर सोडलेले होते.

वेस्टिंगहाऊस यांनी छतावर धावणाऱ्या कामगाराला अधिक चपळ होण्याचा उपदेश केला नाही, त्याला छतावर चढण्याचीच गरज उरू दिली नाही. मुंबईत स्वयंचलित दारांची पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली. दार बंद झाल्याशिवाय गाडी हलणार नाही, ही तिची रचना १८७२ च्या त्या झडपेच्याच कुळातील आहे. माणूस थकणार, घाई करणार, त्याचा हात सुटणार, हे गृहीत धरून ती केलेली आहे. ही रचना प्रत्येक लोकलपर्यंत आणि रूळ ओलांडण्याची वेळ येऊ न देणारा पूल प्रत्येक स्थानकापर्यंत पोहोचेल, तेव्हा दीडशे वर्षांपूर्वी पिट्सबर्गमध्ये सुरू झालेले काम मुंबईत पूर्ण होईल.