मोसुलचे अम्मार : हजार वर्षांपूर्वीचे नेत्रवैद्य आणि त्यांची पोकळ सुई

घरात कुणाला डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन सांगितलं की आपण आधी घाबरतो. डोळ्यात सुई घालणार, या नुसत्या कल्पनेनेच अम्मी-अब्बा तारीख पुढे ढकलत राहतात. अशा वेळी आम्हाला अम्मार इब्न अली अल-मौसिली आठवतात.

अम्मार इराकमधल्या मोसुलचे. एका गावात बसून राहणारे ते वैद्य नव्हते. खुरासानपासून पॅलेस्टाईनपर्यंत फिरत त्यांनी लोकांचे डोळे तपासले, शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे इजिप्तमध्ये स्थिरावले. तिथे फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या काळात (९९६ ते १०२१) त्यांनी नेत्ररोगांवर अरबीत ग्रंथ लिहिला.

त्या काळी मोतीबिंदूवर एकच रूढ उपाय होता. सुईने धुरकट भिंग डोळ्यातल्या मागच्या जेलीत ढकलून द्यायचं. पण भिंग डोळ्यातच राहायचं आणि पुन्हा वर येण्याची भीती असायची. म्हणून रुग्णाला उताणं पडून राहावं लागे.

अम्मार यांनी धातूची पोकळ सुई तयार केली. बारीक छिद्रातून आत जायचं आणि मोतीबिंदू ओढून बाहेर काढायचा. पण सुई हाती आली म्हणून त्यांनी ती लगेच कुणावर वापरली नाही. तबरिया शहरात एक माणूस आला. काहीही करा, पण मला उताणं झोपता येत नाही, एवढंच त्याचं गाऱ्हाणं. अम्मार यांनी त्याच्यावर पहिल्यांदा ती सुई वापरली. त्याला लगेच दिसू लागलं. झोपण्याचं बंधन उरलं नाही, फक्त सात दिवस पट्टी. पुढे इजिप्तमध्ये त्यांनी अशा बऱ्याच शस्त्रक्रिया केल्या.

नळीने मोतीबिंदू ओढण्याचा उल्लेख त्यांच्याआधी अल-राझी यांच्याकडेही सापडतो. शिवाय ही युक्ती मऊ मोतीबिंदूलाच चालायची. तरीही अम्मार यांचं मोठेपण कमी होत नाही. तेराव्या शतकात त्यांचा ग्रंथ हिब्रूत गेला आणि १९०५ मध्ये ज्युलियस हिर्शबर्ग यांनी तो जर्मनीत पोहोचवला.

पडद्याचे आजार मात्र अम्मार यांच्या आवाक्याबाहेर होते. डोळ्यातली जेली कापून काढण्याची वाट १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मायामीमध्ये रॉबर्ट माखेमर यांनी उघडली. आज साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून डोळ्यातली जेली कापून ओढून घेतात, पडदा नीट बसवतात. बरेचदा टाकाही लागत नाही.

तबरियाच्या त्या माणसाने आपली अडचण लपवली नाही. आपणही लपवू नये. पडद्याच्या काही ऑपरेशननंतर काही दिवस पालथं झोपावं लागतं. नमाजमध्ये सजदा कसा करायचा, रोजा ठेवायचा का, कंबर दुखते त्याचं काय, हे सगळं डॉक्टरांना आधीच विचारा. घरात शुगर असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. आणि अचानक काळे ठिपके, चमक किंवा डोळ्यासमोर सावली आली, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.