विश्लेषण: डोक्याला मार लागला आणि राजा बदलला? आठव्या हेन्रीचे काय झाले?

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री म्हटले की सहा लग्ने आणि दोन राण्यांचा शिरच्छेद आठवतो. मात्र १५०९ मध्ये वयाच्या १७ व्या वर्षी गादीवर बसलेला हेन्री उंचापुरा, खेळाडू आणि संगीताची आवड असलेला तरुण होता. मग तो इतका संशयी आणि चिडखोर का झाला?

नेमके काय घडले?

२४ जानेवारी १५३६ रोजी ग्रिनिच येथे भाल्यांच्या झुंजीत ४४ वर्षांचा हेन्री घोड्यावरून कोसळला आणि चिलखत घातलेला घोडा त्याच्या अंगावर पडला. एका वृत्तांतानुसार तो दोन तास बोलू शकला नाही. त्याआधी १५२४ आणि १५२५ मध्येही त्याच्या डोक्याला मार लागला होता.

त्यानंतर काय बदलले?

चार महिन्यांत राणी ॲन बोलीनचा शिरच्छेद झाला. १५४० मध्ये विश्वासू मंत्री थॉमस क्रॉमवेलला मृत्युदंड दिला गेला. त्याच दिवशी हेन्रीने पाचवे लग्न केले. शरीर इतके सुटले की अखेरच्या काळातील चिलखताची कंबर ५० इंचांपुढे गेली.

हार्मोनचा संबंध काय?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. जोरदार माराने तिला इजा झाल्यास ग्रोथ हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड आणि कॉर्टिसोल यांचे प्रमाण घटू शकते. परिणामी थकवा, उदासी, चिडचिड आणि वजनवाढ दिसते. हेन्रीच्या बाबतीत हेच घडले असावे, असा तर्क येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडला.

हे सिद्ध झाले आहे का?

नाही. त्याच्या रक्ताची तपासणी आता शक्य नाही. पायाच्या जखमांमुळे व्यायाम सुटला होता, वारसाची चिंता होती. शिवाय थॉमस मोरचा शिरच्छेद १५३५ मधला, म्हणजे त्या अपघाताच्या आधीचा आहे. सगळा दोष डोक्याच्या माराला देता येत नाही.

आज काय करता येते?

हेन्री १५४७ मध्ये ५५ व्या वर्षी गेला. त्याच्या काळात हार्मोन ही कल्पनाच नव्हती. आज रक्ततपासणीत कमतरता आढळल्यास ते हार्मोन औषधातून देता येते. त्याने प्रत्येकाचा मूड सुधारतोच असे नाही, अनेकदा समुपदेशनही लागते. मात्र अपघातानंतर काही महिन्यांनीही घरातील माणूस सतत थकलेला, उदास किंवा चिडचिडा दिसत असेल, तर स्वभावच बदलला म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना डोक्याच्या जुन्या माराबद्दल आवर्जून सांगावे.