ज्यांच्यामुळं फोटो टिकला : हायपोवाले जॉन हर्शेल

मोबाईल येण्याआधी तालुक्याच्या फोटो स्टुडिओत लाल दिव्याची एक अंधारी खोली असायची. तिथं एका ट्रेमध्ये जे पाणी असायचं, त्याला फोटोग्राफर ‘हायपो’ म्हणायचे. कागदावर चित्र उमटलं तरी हायपोतून काढल्याशिवाय तो कागद कुणी उजेडात नेत नसे. नेला तर नवरा-नवरी, वऱ्हाडी, मांडव सगळंच काळं पडायचं. हा हायपो फोटोच्या कामी आणला इंग्लंडच्या जॉन हर्शेल यांनी.

हर्शेल यांचा जन्म ७ मार्च १७९२ चा, लंडनजवळच्या स्लाव गावचा. वडील विल्यम हर्शेल म्हणजे युरेनस ग्रह शोधणारे. मुलगा केंब्रिजला गणितात पहिला आला, वकिली शिकायला गेला, ती सोडली आणि घरी रसायनांचे प्रयोग करत बसला. १८१९ मध्ये त्यांना दिसलं, की चांदीचे जे क्षार साध्या पाण्यात विरघळत नाहीत, ते हायपोच्या पाण्यात चटकन विरघळतात. त्यांनी ते छापून टाकलं. पण गंमत बघा, तेव्हा फोटोग्राफी नावाची गोष्टच नव्हती. औषध सापडलं, रोगी यायचा होता! पुढची वीस वर्षं ती माहिती तशीच पडून राहिली.

अडचण काय होती? चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर ऊन पडलं की तो काळा होतो. पान ठेवलं तर पानाखालचा भाग पांढरा राहतो, म्हणजे चित्र तयार. पण त्या पांढऱ्या भागात क्षार शिल्लकच असतो. बघायला उजेडात धरलं, की तोही काळा. १८०२ मध्ये वेजवुड आणि डेव्ही या दोघांनी अशी चित्रं काढली, पण ती टिकवता आली नाहीत. मेणबत्तीच्या मंद उजेडात चोरून बघायची आणि परत अंधारात ठेवायची.

जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसहून बातमी आली, की डागेर नावाच्या माणसानं उजेडाकडून चित्र काढून घेतलंय. कृती मात्र गुपित होती. हर्शेल नुकतेच आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला चार वर्षं राहून तिकडचं आकाश तपासून परतले होते. त्यांनी स्वतःच कागद तयार केला, उन्हात धरला आणि वीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट आठवून हायपोत बुडवला. न वापरलेला क्षार विरघळून निघून गेला, काळी चांदी तेवढी कागदावर राहिली. चित्र पक्कं झालं.

१ फेब्रुवारीला टॅल्बट स्लावला आले. ते स्वतः कागदावर चित्रं काढत होते, पण ती टिकवायला कडक मिठाचं पाणी वापरत. मिठानं उरलेला क्षार निघत नाही, नुसता मंद होतो. हर्शेल यांनी त्यांना हायपोची रीत दाखवली आणि इतरांना सांगायलाही हरकत घेतली नाही. त्याच वर्षी ती पॅरिसपर्यंत पोचली. टॅल्बट यांनी १८४१ मध्ये आपल्या नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं, पुढं त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. हर्शेल यांनी हायपोवर एक पैसा मागितला नाही. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे फोटोतले शब्दही त्यांनीच रुळवले.

हायपोचं एक पथ्य आहे. फोटो पक्का झाला की तो भरपूर पाण्यात धुवावा लागतो. हायपो कागदात राहिला तर त्यातलं गंधक हळूहळू चांदीला खातं आणि फोटो पिवळा पडतो, विरतो. घरातल्या जुन्या अल्बममध्ये आजोबांचा चेहरा पुसट झाला असेल, तर बऱ्याचदा दोष धुण्यातल्या घाईचा असतो.

१८४२ मध्ये हर्शेल यांनी चांदीच टाळली. लोहाचे क्षार लावलेला कागद उन्हात निळा होतो आणि न वापरलेला क्षार साध्या पाण्यानंच धुऊन जातो. हायपो लागतच नाही. इंजिनिअरचे निळे नकाशे, म्हणजे ब्लूप्रिंट, यातूनच आले. ओळखीतल्या अॅना अॅटकिन्स या बाईंनी याच रीतीनं समुद्री शेवाळांची चित्रं काढून १८४३ पासून पुस्तक केलं.

त्याआधी, सप्टेंबर १८३९ मध्ये, त्यांनी काचेवर एक फोटो काढला होता. वडिलांची चाळीस फुटी दुर्बीण अंगणात उभी होती, लाकडी सांगाडा कुजत आला होता. ती उतरवायचं ठरलं होतं. वडील जाऊन सतरा वर्षं झाली होती. दुर्बीण उतरली, ती काच मात्र लंडनच्या म्युझियममध्ये आजही जपलेली आहे.

आफ्रिकेत असताना ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची ओळख झाली. त्या जन्मानं कलकत्त्याच्या. हर्शेल यांनी पुढं त्यांना फोटोचे सुरुवातीचे नमुने पाठवले. मग त्या स्वतःच मोठ्या फोटोग्राफर झाल्या आणि १८६७ मध्ये त्यांनी म्हाताऱ्या हर्शेल यांचा फोटो काढला. विस्कटलेले पांढरे केस, पाण्यानं भरल्यासारखे डोळे. चार वर्षांनी, ११ मे १८७१ रोजी हर्शेल गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेत न्यूटनजवळ त्यांना पुरलं. कॅमेरॉनबाईंचा तो फोटो अजून शाबूत आहे.