डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि विजेच्या तारा

आपल्या भारत देशात अनेक थोर पुरुष होऊन गेले. त्यांपैकी एक म्हणजे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते घटनेचे शिल्पकार होते हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण देशाच्या विजेचं खातंही त्यांच्याकडे होतं, हे मला चौथीत आल्यावर कळलं. गुरुजींनी सांगितलं आणि शाळेच्या पेटी-वाचनालयातल्या पुस्तकांत वाचलं, ते मी इथे लिहीत आहे.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी मध्य प्रदेशातील महू येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव रामजी व आईचे नाव भीमाबाई. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. रामजी लष्करात सुभेदार होते. पेन्शन झाल्यावर ते आधी दापोलीला आणि मग आपल्या साताऱ्याला राहायला आले. साताऱ्यातच भीमाबाई वारल्या. तेव्हा भिवा अगदी लहान होता. भिवा म्हणजेच बाबासाहेब. पुढे मीराआत्यांनी सगळ्या भावंडांना सांभाळलं.

7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत घातलं. तीच आताची प्रतापसिंह हायस्कूल. तिथल्या रजिस्टरात 1914 या नंबरापुढे त्यांचं नाव आहे. म्हणून महाराष्ट्रात 2017 सालापासून 7 नोव्हेंबरला विद्यार्थी दिन पाळतात.

त्या काळी काही जातींना अस्पृश्य मानत. भिवाला वर्गात वेगळं बसवत. बसायचं गोणपाट त्यानं घरून आणायचं आणि सुटल्यावर परत न्यायचं. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपाई असेल तर तो वरून पाणी ओतणार. शिपाई नसेल तर तसंच तहानलेलं राहायचं.

एक प्रसंग तर फार वाईट आहे. 1901 साली रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला होते. तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदत होते आणि रामजी पैशांचा हिशेब ठेवत. सुट्टीत भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं वडिलांकडे निघाली. नवे कपडे घालून ती आगगाडीने मसूरला उतरली. मसूर आपल्या कराड तालुक्यात आहे. वडिलांना पत्र पोचलं नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणीच आलं नाही. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला. पण गाडी मुलांनीच हाकायची, तो आपला बाजूने चालणार! अंधार पडला. जवळ भाकरीचं गाठोडं होतं, पण पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्याच्या झोपडीजवळ थांबून पाणी मागितलं, तेही मिळालं नाही. पोरं उपाशी आणि तहानलेली झोपली. भिवा तेव्हा माझ्याच वयाचा होता. हे वाचताना माझा घसा कोरडा पडला.

पण भिवानं शाळा सोडली नाही. पुढे ते मुंबईला चाळीतल्या एका खोलीत राहत. तिथे पहाटेच्या अंधारात उठून मिणमिणत्या दिव्यावर अभ्यास करत. 1907 साली मॅट्रिक व 1912 साली बी. ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. 1913 साली ते अमेरिकेला गेले व नंतर लंडनलाही शिकले. परत येऊन 1927 साली त्यांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. लहानपणी पाणी न मिळालेल्या मुलानं सगळ्यांसाठी तळं खुलं करायला लढा दिला.

आता विजेची गोष्ट. 1942 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच खात्यात पाटबंधारे आणि वीजही होती. तेव्हा वीज शहरांपुरतीच होती. बहुतेक ठिकाणी ज्या गावचं वीजघर त्याच गावाला वीज. ते बंद पडलं की सगळा अंधार, शेजारी जास्त वीज असली तरी उपयोग नाही. 1943 च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी समितीपुढे सांगितलं, की वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे. विजेशिवाय कारखाने वाढणार नाहीत आणि कारखान्यांशिवाय गरिबी हटणार नाही. 1944 साली त्यांच्या खात्याने विजेचं तांत्रिक मंडळ स्थापन केलं. दामोदर आणि महानदीवर धरणं बांधायच्या योजनाही त्यांच्या काळातच पुढे गेल्या. एकाच धरणातून पूर थांबवायचा, शेतीला पाणी द्यायचं आणि वीजही करायची. 1946 पर्यंत हे खातं त्यांच्याकडे होतं. नंतर 1948 साली विजेचा कायदा झाला आणि त्यातून राज्याराज्यांत वीज मंडळं निघाली.

वीजघरं तारांनी एकमेकांना जोडली की जे जाळं तयार होतं त्याला ग्रिड म्हणतात. गुरुजींनी आम्हाला ते पाटाच्या पाण्यावरून समजावलं. एकाच विहिरीवर गाव असेल तर विहीर आटली की हाल. पण दहा विहिरी पाइपाने जोडल्या तर एक आटली तरी नऊ आहेत. मात्र लांब नेताना पाटाचं पाणी जसं मुरतं, तशी तार तापून वीज वाया जाते. त्यावर उपाय म्हणजे विजेचा दाब वाढवायचा. दाब दुप्पट केला तर प्रवाह निम्मा पुरतो आणि वाया जाणारी वीज पावपटच होते. आपल्या घरात 230 व्होल्ट वीज असते. कराडच्या मोठ्या उपकेंद्रात ती 4 लाख व्होल्टची असते! म्हणून मित्रांनो, टॉवरजवळ पतंग उडवू नका.

आपल्या जिल्ह्यात 1962 साली कोयनेची वीज सुरू झाली. शिवसागराचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळीकडे उतरतं. वीजघर डोंगराच्या आत आहे. धरणासाठी कितीतरी गावं उठली, त्यांचे उपकार विसरू नयेत. डोंगरावर वनकुसवड्याला पवनचक्क्या आहेत. वारा पडला की त्यांची वीज कमी होते, मग कोयनेचं पाणी सोडून ती लगेच भरून काढता येते. वीज किती पाहिजे आणि किती येते, हे ऐरोलीच्या केंद्रातली माणसं रात्रंदिवस बघत असतात. कारण दोन्ही जुळलं नाही तर मोठा भाग अंधारात जातो. 2012 च्या जुलैत उत्तर आणि पूर्व भारतात तसं झालं होतं.

पूर्वी देशात पाच वेगवेगळी जाळी होती. ती एकेक करून जोडली. दक्षिणेचं शेवटचं उरलं होतं, ते 31 डिसेंबर 2013 रोजी जोडलं. ती लाइन रायचूर ते आपल्या शेजारच्या सोलापूरपर्यंत आली आहे. आता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच जाळं आहे. 1947 साली देशात फक्त 1362 मेगावॅटची वीजघरं होती, आता 4 लाख मेगावॅटच्याही वर आहेत.

कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी विजेच्या पंपांनी उचलून खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी रानात नेतात. जिहे-कठापूरचं पाणी असंच चढून खटावला जातं. ज्या खटावच्या वाटेवर भिवाला घोटभर पाणी मिळालं नाही, तिथे आता विजेनं पाणी पोचतं. हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

तरी काम अजून संपलेलं नाही. शेतीपंपाची लाइट पुष्कळ ठिकाणी रात्रीची असते. आमचे बाबा पाणी पाजायला बॅटरी आणि काठी घेऊन रात्री जातात. तोवर आई जागी असते. आता शेतीसाठी सोलर बसवतायत. ते सगळीकडे झालं की दिवसाच पाणी पाजता येईल.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. कोयनेची वीज त्यांना बघायला मिळाली नाही.

मित्रांनो, विजेची तार कुणाची जात विचारत नाही, ती सगळ्यांच्या घरात सारखाच उजेड देते. माणसांनीही तसंच वागावं. आपल्या वर्गात पाण्याचा माठ एकच आहे आणि बसायची पट्टीही एकच आहे. ते तसंच राहिलं पाहिजे. मी मोठा झाल्यावर वायरमन नाहीतर इंजिनिअर होणार आहे.

बाबासाहेबांना माझे विनम्र अभिवादन!

– इयत्ता 4 थी