दप्तरावरचा आसूड

अर्थसंकल्प जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात व्यंगचित्र झळकते. पोट आत गेलेला सामान्य माणूस, त्याला आणखी काटकसर करायला सांगणारा गुबगुबीत मंत्री आणि दोघांच्या मध्ये कराचे गाठोडे. आकडेमोडीच्या दहा रकान्यांनी जे समजत नाही, ते अशा चार रेषांनी समजते. सरकारच्या आर्थिक कारभाराचे असेच चित्र केवळ शब्दांनी रेखाटणारा एक संपादक अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात होऊन गेला. ‘दीनमित्र’कार मुकुंदराव पाटील हे त्यांचे नाव. त्यांच्या लेखणीपुढे सरकार उभे राहिले ते मुंबईच्या सचिवालयाच्या रूपात नव्हे, तर गावच्या चावडीवरील दप्तराच्या रूपात.

मुकुंदरावांचा जन्म १८८५ मधला. त्या काळात दख्खनच्या शेतकऱ्याच्या मनावर दोन आठवणींचे ओझे होते. पहिली १८७५ च्या सावकारविरोधी उठावाची. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली; पण बहुतेक ठिकाणी त्यांचा रोख माणसांवर नव्हता, कर्जखतांवर होता. खते आणि वह्या हाती लागल्या की त्यांची होळी होई. दुसरी आठवण १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाची. तिजोरीवरचा भार कमी करण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामांवरील मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणण्यात आली. उपाशी मजुरांनी कामे सोडून दिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. सरकारी काटकसरीचा अर्थ या मुलखाला कळला तो असा.

उठावानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कर्जखताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. सावकारांनीही वाट शोधली. गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. जमीन परत देण्याचा वायदा तोंडीच राही. कायदा कागदावर, वायदा वाऱ्यावर आणि जमीन सावकाराच्या नावावर, असा हा व्यवहार होता.

मुकुंदरावांना लेखणीचा वारसा दोन घरांतून मिळाला. जन्मदाते कृष्णराव भालेकर हे महात्मा फुले यांचे सहकारी. १८७७ मध्ये त्यांनी पुण्यातून ‘दीनबंधु’ काढला, तो सत्यशोधक चळवळीचे मुखपत्र म्हणून ओळखला गेला. पैशाअभावी भालेकरांना तो चालवता आला नाही आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईतून पुढे नेला. तरवडीचे गणपतराव पाटील यांनी १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ हे मासिक सुरू केले होते, तेही अल्पायुषी ठरले. मुकुंदराव याच गणपतरावांच्या घराण्यात दत्तक गेले. एका घरी बंद पडलेल्या पत्राची आठवण होती, तर दुसऱ्या घरी बंद पडलेल्या मासिकाचे नाव.

ते नाव मुकुंदरावांनी १९१० मध्ये पुन्हा उभे केले. भालेकरांचे निधन झाले तेही याच वर्षी. मुकुंदरावांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक केले आणि ते पुण्या-मुंबईहून न काढता सोमठाणे या खेड्यातून आणि पुढे तरवडीहून काढले. रेल्वेमार्गापासून दूर असलेल्या गावात छापखाना चालवायचा, खिळे जुळवायचे, कागद बाहेरून आणायचा आणि अंक टपालाने पाठवायचे, हे धाडसच होते. वाचकवर्ग तर असा की त्यातील अनेकांना अक्षरओळखही नव्हती. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, अशा श्रोत्यांसाठी हे पत्र होते. साहजिकच त्याची भाषा ग्रांथिक राहून चालणार नव्हते. ती कानाला पटणारी आणि हसवता हसवता टोचणारी हवी होती.

अशा भाषेचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे १९१३ चे ‘कुलकर्णीलीलामृत’. घराघरांत भक्तिभावाने वाचल्या जाणाऱ्या पोथ्यांचा घाट मुकुंदरावांनी उचलला आणि त्यात देवाच्या जागी गावचा वतनदार कुलकर्णी बसवला. देवाच्या लीला ऐकायला सरावलेल्या श्रोत्यापुढे दप्तराच्या लीला उलगडू लागल्या. ओव्यांची चाल ओळखीची आणि आशय मात्र शेतसारा, नोंदी आणि खतांचा. या विसंगतीतून हसू फुटे आणि त्या हसण्यामागून संताप येई. व्यंगचित्रकार मंत्र्याचे नाक लांब करतो, तेच मुकुंदरावांनी पोथीच्या छंदात केले.

कुलकर्ण्यावरच हा रोख का, याचे उत्तर तेव्हाच्या महसुली रचनेत आहे. रयतवारीत शेतकऱ्याचा संबंध थेट सरकारशी येतो असे मानले जाई. प्रत्यक्षात मध्ये कुलकर्ण्याचे दप्तर असे. कोणाच्या नावावर किती जमीन, कोणाकडे किती सारा थकला, हे सारे त्याच्या लेखणीवर अवलंबून. निरक्षर शेतकऱ्याची खतपत्रेही अनेकदा तोच लिहून देई. हे पद वंशपरंपरेने चाले, त्यामुळे त्यात बदलही होत नसे. अडाणी माणसाच्या दृष्टीने राज्याचे अर्थकारण म्हणजे त्या दप्तरातील न वाचता येणारी ओळ. ती ओळ मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम मुकुंदरावांनी केले. ‘शेटजीप्रताप’मध्ये सावकाराची पाळी आली. ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ या कादंबरीच्या नावातच दुसऱ्याच्या अन्नावर जगणाऱ्याची थट्टा आहे.

पण मुकुंदरावांचा उपहास सर्वांना रुचणारा नव्हता. जुलमी पद आणि ते भूषवणारी जात यांतील सीमारेषा त्यांच्या लेखनात नेहमीच जपली गेली असे म्हणता येणार नाही, आणि प्रामाणिक कुलकर्ण्यालाही त्याची झळ बसली. राष्ट्रीय चळवळीतील पुढारीही त्यांच्या टीकेतून सुटले नाहीत. ‘देशभक्तलीलासार’ त्याची साक्ष देते. सत्यशोधक मंडळी सरकारधार्जिणी आहेत, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. पण गोरा साहेब गेला आणि चावडीवरचे दप्तर तसेच राहिले, तर रयतेच्या पदरात काय पडणार, हा सत्यशोधकांचा प्रश्न या आक्षेपाने निकालात निघत नव्हता.

काळाने या प्रश्नाची काही उत्तरे दिली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई इलाख्यात मात्र त्यासाठी बराच काळ जावा लागला. सावकारी नियंत्रणाचा कायदा १९४६ मध्ये झाला आणि परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये आला. ‘कुलकर्णीलीलामृत’ प्रसिद्ध झाल्यापासून सदतीस वर्षांनी तो ज्या पदाची थट्टा करीत होता, ते पदच इतिहासजमा झाले. याचे श्रेय एका पुस्तकाला देणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि, जे अढळ वाटते त्याला हसता येते, हे खेड्यातील माणसाला आधी कळावे लागते. ते कळवून देण्यात मुकुंदरावांचा वाटा मोठा होता.

१९३० नंतर ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे यांच्यासारखे पुढारी काँग्रेसमध्ये गेले आणि चळवळीचा भर ओसरला. पुण्या-मुंबईतील अनेक पत्रे काळाच्या ओघात बंद पडली. तरवडीचे पत्र चालू राहिले. दोन महायुद्धे, कागदटंचाई, स्वातंत्र्य आणि महाराष्ट्राची निर्मिती पाहत ‘दीनमित्र’ निघत होता. १९६७ मध्ये मुकुंदरावांचे निधन झाले आणि सुमारे सत्तावन्न वर्षांची ही वाटचाल थांबली. पूर्वीच्या दोन पत्रांना जे साधले नव्हते, ते तिसऱ्याने साधले होते.

आज सातबारा संगणकावर मिळतो. त्यासाठी कोणाच्या दारात तिष्ठावे लागत नाही. तरीही कर्जाच्या अटी, विम्याचे निकष आणि अनुदानाच्या याद्या यांतील ओळ न कळल्याने आपले काय गेले, हे शेतकऱ्याला अनेकदा ते गेल्यावरच समजते. दप्तराचे रूप बदलले, पण ते मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याची गरज संपलेली नाही. एकेकाळी कर्जाची खते जाळून सुटका शोधणाऱ्या या मुलखात मुकुंदरावांनी कागद जाळला नाही. त्यांनी तो छापला, आणि ज्याच्यावर त्या कागदाची दहशत होती त्यालाच वाचून दाखवला.