बोर्डिंगमध्ये वाढलेले राष्ट्रपती

जून महिना आला की आपल्यापैकी कितीतरी घरांत एकच धांदल उडते. मुलाला किंवा मुलीला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो. गादी, बादली, जानमाज, लोणच्याची बरणी असे सारे बांधून आपण त्याला पोहोचवायला जाता, फी भरता, खोलीची किल्ली त्याच्या हाती देता आणि परत फिरता. परतीच्या एस.टी.त मनाला जे टोचत राहते ते फीचे आकडे नसतात. आता याला फजरला कोण उठवील, हा कुणाच्या संगतीत बसेल, तापाने फणफणला तर पाण्याचा पेला कोण देईल, हेच विचार घर गाठेपर्यंत चालतात. कॉलेजच्या माहितीपत्रकात याची उत्तरे छापलेली नसतात. म्हणून यंदा स्मरणिकेच्या या पानांत मरहूम डॉ. झाकिर हुसेन साहेबांची जीवनकथा आपल्याला सांगावीशी वाटली. ते राष्ट्रपती झाले हे आपल्याला ठाऊकच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग शाळा, कॉलेज आणि वसतिगृह यांच्या आवारात गेला, प्रथम विद्यार्थी म्हणून आणि मग विद्यार्थ्यांचा सांभाळ करणारा म्हणून, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नसते.

झाकिरसाहेबांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे संयुक्त प्रांतातील फर्रुखाबाद जिल्ह्याच्या कायमगंजचे, पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत नामांकित वकील होते. ते 1907 साली भर उमेदीत वारले. झाकिर तेव्हा अवघा दहा वर्षांचा. आई नाझनीन बेगम मुलांना घेऊन कायमगंजला परतल्या. आता विचार करा, पदरात बापाविना मुले, काळ तो, आणि तरीही त्या माउलीने मुलांना स्वतःजवळ ठेवले नाही. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या बोर्डिंगमध्ये पाठवून दिले. 1911 साली कायमगंजला प्लेगची साथ आली आणि त्यात त्याही गेल्या. चौदा वर्षांच्या झाकिरला त्यानंतर सुट्टीत परतावे असे घर राहिले, पण वाट पाहणारी आई राहिली नाही.

इटाव्याची ती शाळा साधेपणासाठी प्रसिद्ध होती. जेवण साधे, कपडे साधे, नमाजाच्या बाबतीत सवलत नाही. हेडमास्तर सय्यद अल्ताफ हुसेन शिस्तीचे कडक होते, परंतु त्यांची नजर पोरांच्या वह्यांपुरतीच नव्हती. कोणता मुलगा काय वाचतो, कसा बोलतो, कसा वागतो हे ते पाहत असत. झाकिरसाहेबांच्या घडणीत या हेडमास्तरांचे नाव नेहमी घेतले जाते. सुट्टीत कायमगंजला गेल्यावर हसन शाह नावाचे एक सूफी बुजुर्ग त्यांना भेटत. त्यांना पुस्तकांचे वेड होते आणि मुलाला ते पुस्तकांच्या नकला करायला बसवीत. म्हणजे पाहा, आई-बाप गमावलेल्या या मुलाला बोर्डिंगमध्ये एक आणि गावी एक, अशी दोन वडीलधारी माणसे लाभली. आपल्या मुलाच्या वसतिगृहाच्या रेक्टरांचे नाव आपल्याला माहीत आहे का? बहुतेकांना नसते. आपण त्यांना वर्षातून एकदा, तेही खोली बदलून मागण्यापुरते भेटतो.

1913 साली झाकिर अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाले. हे कॉलेज सर सय्यद अहमद खान यांनी काढले होते. 1875 साली शाळेने त्याची सुरुवात झाली आणि 1877 साली कॉलेजच्या इमारतीची कोनशिला बसली. सर सय्यद 1869 ते 1870 या काळात विलायतेत राहून आले होते, केंब्रिज पाहून आले होते, आणि त्यांच्या मनाने एक गोष्ट घेतली होती: मुलांनी एका आवारात राहावे, एकत्र जेवावे, खेळावे, वाद घालावेत, तेव्हाच शिक्षण पुरे होते. शिया आणि सुन्नी मुले तिथे एकत्र राहत, हिंदू विद्यार्थीही शिकत. कॉलेजचे पहिले पदवीधर ईश्वरी प्रसाद हे हिंदूच होते.

झाकिरसाहेबांच्या कॉलेजजीवनाबद्दल लिहिणारे पुष्कळदा त्यांना आदर्श विद्यार्थी करून टाकतात. त्यांच्या सोबत्यांच्या आठवणी वेगळे सांगतात, आणि त्याच आम्हाला अधिक खऱ्या वाटतात. इटाव्याची घंटा इथे नव्हती. झाकिर बऱ्यापैकी आळशी होते. अंथरुणात लोळत राहावे, मित्र जमवावेत, रात्री गप्पांची मैफल रंगवावी आणि परीक्षा जवळ आली की तल्लख बुद्धीच्या जोरावर वेळ मारून न्यावी, असा त्यांचा खाक्या. मित्रमंडळी त्यांना मुर्शिद म्हणत. युनियनच्या वादविवादांत मात्र ते उभे राहिले की सभागृह ऐकत असे. पुढे उर्दूतील श्रेष्ठ विनोदी लेखक म्हणून गाजलेले रशीद अहमद सिद्दिकी यांच्याशी त्यांची मैत्री याच आवारात जुळली आणि ती जन्मभर टिकली. आपला मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत मित्रांशी बोलत बसतो असे कळले की आपल्या काळजात धस्स होते. ते साहजिक आहे. पण वेळ वाया जाणारी बैठक आणि माणूस घडवणारी बैठक यांतला फरक दुरून ओळखता येत नाही. त्यासाठी मुलाचे मित्र घरी यावे लागतात, त्यांना जेवू घालावे लागते.

डॉक्टर व्हावे असा झाकिरचा बेत होता. विज्ञान विषय घेऊन इंटर झाल्यावर बी.एस्सी.साठी ते लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात गेले. तिथे प्रकृती बिघडली, दुखणे लांबले, वर्ष बुडाले. परत अलीगढला येऊन त्यांनी कला शाखा धरली आणि इंग्रजी साहित्य, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र हे विषय घेतले. 1918 साली बी.ए. झाले. आज आपल्या घरात असे घडले तर? विज्ञान सोडून कला शाखा, शिवाय एक वर्ष वाया! महिनाभर घरात अबोला राहील, आणि मामा-काकांपैकी कोणीतरी दुबईची नोकरी सुचवील. झाकिरसाहेबांवर तसा दबाव आणायला आई-वडील नव्हते, याला दुर्दैव म्हणावे की काय म्हणावे हे आम्हाला ठरवता येत नाही.

मग आले 1920 साल. झाकिर एम.ए. आणि कायद्याचा अभ्यास करीत होते, थोडे शिकवीतही होते. खिलाफत आणि असहकाराच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता. 12 ऑक्टोबर रोजी गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले आणि सरकारी मदत घेणारे कॉलेज सोडण्याचे त्यांनी विद्यार्थ्यांना आवाहन केले. झाकिर त्या दिवशी डॉ. अन्सारींना प्रकृती दाखवायला दिल्लीला गेले होते. परत आले तो काही विद्यार्थी त्या सभेची टर उडवताना त्यांच्या कानी पडले. त्यांना शरम वाटली आणि त्यांनी कॉलेज सोडण्याचे ठरवले. इकडे मुलांना घेऊन जा, असे कॉलेजकडून पालकांना कळवले जाऊ लागले. किती घरांत त्या वेळी चूल पेटली नसेल! पुष्कळ मुले परतली, अभ्यासाला लागली, आणि त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुलांनी वर्ग सोडावेत असे आम्ही इथे सुचवीत नाही. झाकिरसाहेबांचे वेगळेपण असे की कॉलेज सोडून ते घोषणा देत फिरले नाहीत. जी मुले बाहेर पडतील त्यांना शिकवणार कोण, ही काळजी त्यांना लागली. ते दिल्लीला जाऊन हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी, मौलाना मुहम्मद अली यांना भेटले आणि नवी संस्था काढण्याचा आग्रह धरला. 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढच्या कॉलेजच्या मशिदीत जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. पहिले वर्ग तंबूंत आणि भाड्याच्या बंगल्यांत भरले.

1922 साली झाकिरसाहेब जर्मनीला गेले आणि बर्लिनहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन 1926 साली परतले. तिथे त्यांनी गालिबच्या दीवानाची एक सुबक आवृत्ती छापून घेतली आणि तिच्यासाठी स्वतः खिळे जुळवले. जामिया बंद पडण्याच्या बेतात आहे असे तिथे कळले, तेव्हा आपण व आपले दोन मित्र, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब, तिच्या सेवेला येत आहोत असे त्यांनी कळवून टाकले. एकोणतिसाव्या वर्षी ते जामियाचे कुलगुरू झाले आणि 1948 पर्यंत राहिले. 1928 साली त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रतिज्ञा घेतली की वीस वर्षे दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. प्रत्यक्षात त्याहून कमीच, आणि तेही कधी वेळेवर मिळत नसे.

आळशी मुर्शिद आता मुलांचे पालक झाले होते. इटाव्याला मिळालेली नजर आणि अलीगढला मिळालेली मोकळीक या दोन्ही त्यांनी जामियात आणल्या. प्राथमिक शाळेतील मुले स्वतःची बँक चालवीत, दुकान चालवीत, हिशेब लिहीत. लहान मुलांच्या वसतिगृहात अतालीक असत, म्हणजे मुलांबरोबर राहून त्यांच्या उठण्याबसण्याकडे पाहणारे शिक्षक. गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाची जर्मन ज्यू बाई बर्लिनच्या ओळखीतून जामियात आली आणि लहान मुलांची देखभाल करीत तिथेच राहिली. मुले तिला आपाजान म्हणत. 1943 साली ती वारली आणि जामियाच्या कब्रस्तानातच तिला दफन करण्यात आले. 1935 साली ओखल्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली तेव्हा कोनशिला कोण्या नवाबाने नव्हे, शाळेतील सर्वांत लहान मुलाने बसवली.

मुले मळके बूट घालून येत. झाकिरसाहेबांनी अनेकदा सांगून पाहिले. शेवटी एके दिवशी ते पॉलिश आणि ब्रश घेऊन फाटकापाशी बसले आणि येणाऱ्या मुलांचे बूट पुसू लागले. मुले शरमेने खाली मान घालून गेली. ही हकिकत आपण ऐकली असेल. दुसरी कमी सांगितली जाते. शाळेत मुलांना मिठाई वाटण्याचा समारंभ चालू होता. झाकिरसाहेब स्वतः वाटत होते. कोणीतरी कानात येऊन सांगितले की घरी त्यांची तान्ही म्हणावी अशी मुलगी रेहाना अत्यवस्थ आहे, आणि थोड्या वेळाने, ती गेली. त्यांनी वाटप थांबवले नाही. मुलांच्या आनंदात विरजण पडू नये म्हणून. एक बाप म्हणून त्यांनी बरोबर केले का, यावर आमच्या घरी एकदा मोठा वाद झाला होता. बायकांना ते पटले नव्हते, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परक्यांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्याच्या घरच्यांना काय सोसावे लागते, हे आपण पालक क्वचितच ध्यानात घेतो.

1937 साली वर्ध्याला गांधीजींनी बोलावलेल्या शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योगी शिक्षणाची जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद झाकिरसाहेबांकडे आले. 1947 च्या दंगलीत जालंधर स्टेशनवर ते मरता मरता वाचले. 1948 च्या नोव्हेंबरात त्यांना अलीगढचे कुलगुरू नेमले गेले. फाळणीमुळे तिथले कित्येक अध्यापक व विद्यार्थी निघून गेले होते, उरलेल्यांच्या मनात भीती होती आणि बाहेर त्यांच्याबद्दल संशय. तिथे झाकिरसाहेबांना हृदयविकाराचा झटकाही आला, तरी 1956 पर्यंत ते टिकून राहिले. चांगले अध्यापक त्यांनी शोधून आणले आणि ओसाड पडलेल्या आवारात गुलाब, बोगनवेली, हिरवळ लावली. घाबरलेला विद्यार्थी खोलीचे दार उघडून बाहेर आला तर त्याला काय दिसते, इकडे त्यांचे लक्ष असे.

पुढचे सर्वांना माहीत आहे. 1957 साली बिहारचे राज्यपाल, 1962 साली उपराष्ट्रपती, 1963 साली भारतरत्न, 13 मे 1967 रोजी राष्ट्रपती. 3 मे 1969 रोजी त्या पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर जामियाच्या आवारात, मशिदीजवळ आहे. वर्गाला निघालेली मुले-मुली तिच्या बाजूने जातात.