भातात जव मिसळणारा जपानी डॉक्टर

भात हे आपल्या घरातले रोजचे अन्न. कोकणातून आलेल्या आपल्या पूर्वजांचेही तेच अन्न होते. जपानी माणसाचेही तसेच आहे. त्यांच्या भाषेत शिजवलेला भात आणि जेवण या दोन्हींसाठी गोहान हा एकच शब्द वापरतात. पण या भाताच्या देशात एके काळी दरवर्षी हजारो माणसे एका विचित्र आजाराने मरत असत. त्या आजाराचे मूळ ताटातल्या पांढऱ्याशुभ्र भातातच होते, हे मात्र शेकडो वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. जपानच्या आरमारातून या आजाराला ज्यांनी हुसकावून लावले, त्या डॉ. ताकाकी कानेहिरो यांची हकीकत वाचकांनी जरूर जाणून घ्यावी अशी आहे.

या आजाराला जगात बेरीबेरी म्हणतात. जपानी लोक त्याला काक्के म्हणतात. त्याची सुरुवात अगदी साधी असते. पायांना मुंग्या येतात, पोटऱ्या दुखतात, जिना चढवत नाही. पुढे पाय लुळे पडतात किंवा अंगावर सूज येते. शेवटी हृदय दुबळे होते आणि हिंडता-फिरता जवान माणूस थोड्या दिवसांत दगावतो.

गंमत अशी की हा आजार गरिबापेक्षा श्रीमंताला आणि खेड्यापेक्षा शहराला जास्त छळीत असे. आजच्या टोकियोचे जुने नाव एदो. खेड्यातला माणूस एदोला गेला की काही महिन्यांत आजारी पडे आणि गावी परतला की बरा होई. म्हणून लोक या रोगाला एदोचा आजार असेच म्हणत. खेड्यात लोक जव, इतर भरड धान्ये आणि कमी सडलेला तांदूळ खात. एदोमध्ये मात्र स्वच्छ सडलेला पांढरा तांदूळ मिळे आणि तो खाणे प्रतिष्ठेचे मानले जाई. राजवाडेही या रोगातून सुटले नव्हते. जपानचा शोगुन इएमोची १८६६ साली अवघ्या विसाव्या वर्षी याच रोगाने गेला. ज्यांच्या नावाने जपानचा नवा काळ ओळखला जातो, त्या मेइजी सम्राटांनाही हा आजार जडला होता.

ताकाकी यांचा जन्म १८४९ साली जपानच्या दक्षिणेकडील क्युशू बेटावर, आजच्या मियाझाकी प्रांतातल्या मुकासा या गावी झाला. ताकाकी हे त्यांचे आडनाव. जपानात आडनाव आधी लिहितात. घराणे सामुराई म्हणजे लढवय्यांचे होते, पण अगदी खालच्या पायरीवरचे. वडील सुतारकाम करून घर चालवीत. मुलाने वैद्यकीची वाट धरली. १८६८ साली जपानात यादवी युद्ध झाले, तेव्हा एकोणीस वर्षांचा हा तरुण सात्सुमा संस्थानच्या सैन्याबरोबर वैद्य म्हणून गेला. पुढे कागोशिमा येथे विल्यम विलिस या ब्रिटिश डॉक्टरांच्या हाताखाली तो पाश्चात्त्य वैद्यक शिकला आणि १८७२ साली आरमारात डॉक्टर म्हणून दाखल झाला.

आरमाराने त्यांना १८७५ साली लंडनला पाठविले. तेथे सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत त्यांनी पाच वर्षे अभ्यास केला, बक्षिसे मिळविली आणि शस्त्रक्रियेतील मोठी पदवी घेतली. एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली. रोगाचा विचार एका रोग्यापुरता न करता साऱ्या वस्तीचा करायचा. किती माणसे आजारी पडली, कोठे राहिली, काय खाल्ले, हे मोजायचे आणि मग कारणाचा माग काढायचा. लंडनमध्ये बेरीबेरीचा रोगी जवळजवळ दिसतच नव्हता, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

१८८० साली ते मायदेशी परतले तेव्हा जपानी आरमाराची स्थिती मोठी चिंतेची होती. १८८२ साली आरमारात ४,७६९ माणसे होती. त्या एका वर्षात बेरीबेरीच्या १,९२९ केसेस झाल्या आणि ५१ जण मरण पावले. लढाईचा प्रसंग आला असता तर तोफा चालवायला धडधाकट माणसे मिळणे कठीण होते.

ताकाकींनी कागदपत्रे काढून मोजणी सुरू केली. कपडे पाहिले, झोपण्याच्या जागा पाहिल्या, हवापाणी पाहिले. त्यांतून काही निष्पन्न झाले नाही. जेवण पाहिले तेव्हा मात्र फरक दिसला. अधिकाऱ्यांमध्ये रोग कमी होता, साध्या खलाशांमध्ये फार होता. अधिकाऱ्यांच्या ताटात मासे, मांस, भाज्या असत. खलाशांना तांदूळ मिळे आणि कालवणासाठी रोख पैसे मिळत. बिचारे खलाशी ते पैसे वाचवून घरी पाठवीत आणि नुसत्या पांढऱ्या भातावर थोडेसे लोणचे घेऊन पोट भरीत.

याच सुमारास एक दुःखद घटना घडली. र्‍यूजो नावाची युद्धनौका शिकाऊ अधिकाऱ्यांना घेऊन १८८२ सालच्या अखेरीस लांबच्या सफरीवर निघाली. न्यूझीलंड, चिली, पेरू अशी वळणे घेत ती चालली होती. तिच्यावरच्या ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण मेले. जहाज होनोलुलूला पोचले तेव्हा ते चालवायला पुरेशी माणसे उभी राहू शकत नव्हती. तेथे भात कमी करून पाव, मांस व भाज्या दिल्या, तेव्हा उरलेले रोगी बरे झाले.

ताकाकींना जो पुरावा हवा होता तो यात होता, पण वरिष्ठांना पटायला तेवढा पुरेसा नव्हता. कोणी म्हणे हवा बदलली, कोणी म्हणे योगायोग. तेव्हा त्यांनी एक साधी आणि अतिशय हुशारीची मागणी केली. दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवा, तितकेच दिवस पाठवा, फक्त जेवण बदला. यासाठी सरकारी तिजोरीतून जादा पैसा लागणार होता. त्यांनी मंत्र्यांना गाठले, आणि प्रत्यक्ष सम्राटांसमोर उभे राहूनही आपले म्हणणे मांडले. अखेर मंजुरी मिळाली.

१८८४ सालच्या फेब्रुवारीत त्सुकुबा ही नौका ३३३ माणसांना घेऊन निघाली. तिच्यावर मांस, मासे, भाज्या, पाव आणि डब्यातले आटवलेले दूध भरले होते. सफर २८७ दिवसांची होती. ताकाकींची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करावी. जहाज समुद्रात, बातमीला महिने लागायचे आणि एवढा खर्च त्यांच्या शब्दावर झालेला. शेवटी त्सुकुबा परतली. बेरीबेरीने एकही माणूस मेला नव्हता. जेमतेम पंधराच्या आसपास लोकांना रोगाची लागण झाली होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी नेमून दिलेले मांस किंवा दूध न आवडल्यामुळे खाल्ले-प्यायले नव्हते.

पण आणखी एक अडचण होती. खलाशांना पाव घशाखाली उतरत नसे आणि मांसाचा खर्चही परवडत नसे. ताकाकींनी मध्यम मार्ग काढला. १८८५ पासून आरमारात तांदळात जव मिसळून भात देऊ लागले. त्या वर्षी आरमारात ६,९१८ माणसे होती. बेरीबेरीच्या केसेस झाल्या फक्त ४१ आणि मृत्यू एकही नाही. तीन वर्षांपूर्वीच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवून पाहावेत, म्हणजे काम केवढे झाले ते समजते.

एवढे झाल्यावर सगळ्या जपानने हा उपाय उचलला असेल असे वाटते. तसे झाले नाही. जपानचे भूदल वेगळ्या मताच्या डॉक्टरांच्या हातात होते. ते जर्मन विद्येत तयार झालेले होते. जर्मनीत त्या काळी रोगजंतूंचे मोठमोठे शोध लागत होते. त्यामुळे बेरीबेरीही जंतूनेच होत असला पाहिजे, असे त्यांचे मत. जपानचे थोर साहित्यिक मोरी ओगाई हे भूदलातले डॉक्टर होते आणि तेही या पक्षात होते. त्यांचा आक्षेप असा की जवामुळे रोग जातो याचे शास्त्रीय कारण ताकाकींना सांगता येत नाही.

आणि खरे सांगायचे तर या आक्षेपात तथ्य होते. ताकाकींना वाटे की अन्नात प्रथिने कमी आणि पिष्टमय पदार्थ जास्त झाले की बेरीबेरी होतो. हे कारण चुकीचे होते. पण त्यांचा उपाय बरोबर होता आणि आकडे त्याची साक्ष देत होते. भूदलाने कारणाची वाट पाहिली आणि त्याची किंमत शिपायांनी मोजली. १८९४-९५ च्या चीनविरुद्धच्या युद्धात भूदलाचे सुमारे चार हजार लोक बेरीबेरीने मेले. लढाईत मेलेल्यांपेक्षा ही संख्या जास्त होती. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात दोन लाखांहून अधिक शिपाई या रोगाने आजारी पडले आणि सुमारे सत्तावीस हजार मेले. त्याच युद्धांत आरमारात मात्र रोगी अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके किंवा थोडे अधिक एवढेच होते. शेवटी १९०५ साली, युद्ध चालू असतानाच, भूदलातही तांदळात जव मिसळण्याचा हुकूम निघाला.

मग खरे कारण काय? ते हळूहळू उलगडले. जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरांना १८९० च्या सुमारास दिसले की सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की बऱ्या होतात. १९१० साली जपानच्या सुझुकी उमेतारो यांनी तांदळाच्या कोंड्यातून रोग बरा करणारा अर्क काढला. पुढे त्या द्रव्याला ब-१ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. आपल्या शरीराला भातापासून शक्ती तयार करायला हे जीवनसत्त्व लागते. म्हणजे भात जितका जास्त खावा, तितकी त्याची गरज जास्त. शरीरात त्याचा साठा मात्र दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. निसर्गाने ते तांदळाच्या वरच्या तांबूस पापुद्र्यात ठेवले आहे, आणि माणसाने तोच पापुद्रा घासून कोंबड्यांना आणि गुरांना घातला. जवात, डाळीत आणि मांसात हे जीवनसत्त्व असते, म्हणून ताकाकींचा उपाय लागू पडला.

येथे आपल्या कोकणातल्या आजी-पणजींची आठवण होते. त्यांच्याकडे उकडा तांदूळ असे. साळी आधी उकडायच्या, वाळवायच्या आणि मग सडायच्या. उकडताना कोंड्यातले जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते, त्यामुळे नंतर कोंडा काढला तरी ते बरेचसे टिकते. म्हणूनच ज्या भागात उकडा तांदूळ खातात तेथे बेरीबेरी फारसा दिसला नाही. मजूर म्हणून मॉरिशसला आलेल्या आपल्या लोकांना करारानुसार जो शिधा मिळे, त्यात तांदळाबरोबर डाळही असे. वरण-भात हे नुसते चवीचे जोडपे नाही, त्यात शरीराची सोय आहे. आपल्या गृहिणींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. तांदूळ पाच-सहा वेळा खळखळून धुतला आणि वर भाताचे पाणीही ओतून टाकले, तर ते मोरीत जाते. जुन्या बायका पेज टाकून देत नसत, ते योग्यच होते.

ताकाकींचे काम आरमारापुरते नव्हते. १८८१ साली त्यांनी टोकियोत वैद्यकीय शाळा काढली. तीच आज जिकेई विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. १८८२ साली गरिबांसाठी रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. लंडनला त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिकांची शाळा पाहिली होती. त्याच धर्तीवर १८८५ साली त्यांनी जपानमधली परिचारिकांची पहिली शाळा सुरू केली. १९०५ साली सरकारने त्यांना बॅरन ही पदवी दिली. लोकांनी प्रेमाने आणि थोड्या थट्टेने त्यांचे नाव जवाचे बॅरन असे ठेवले.

१९२० साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ताकाकी वारले. १९२९ साली जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक आइकमन व इंग्लंडचे हॉपकिन्स यांना मिळाले. ताकाकींना तो मान पाहता आला नाही. पण दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फाळ किनाऱ्यावरील जागांना ब्रिटिश समितीने जीवनसत्त्वांच्या संशोधकांची नावे दिली, तेव्हा एका भूशिराला ताकाकींचे नाव दिले गेले. आइकमन यांचे नाव दिलेली जागाही त्याच भागात आहे.

विद्वान मंडळी कारणाचा वाद घालीत असताना या माणसाने आजारी आणि मेलेले लोक मोजले, ताटात काय आहे ते पाहिले आणि ताट बदलून पुन्हा मोजले. कारण सांगण्यात ते चुकले, पण त्यांनी वाचविलेली माणसे तर जगलीच. ज्ञान पूर्ण होईपर्यंत थांबायचे की हाती असलेल्या पुराव्यावर माणूस वाचवायचा, हा प्रश्न कोणत्याही काळात पडतो. सुतारकाम करणाऱ्या एका गरीब सामुराईच्या मुलाने त्याचे उत्तर मूठभर जव भातात मिसळून दिले.